मावशींच्या नावावर इंजिनदुरुस्ती : टीडीएसच्या विवरणपत्रातली चूक आणि येणारा ३१ मार्च



"३१ मार्च २०२६ च्या आत आपले जुने टीडीएस तपासून घ्यावे" असा दोन ओळींचा मेसेज आम्ही ग्रुपवर टाकला होता. त्यानंतर कार्यालयात जो येतो तो एकच विचारतो, "हे आम्हांला कशाला? टीडीएस तुम्ही भरता ना?" प्रश्न बरोबर आहे. दोन ओळींत ते समजणारही नव्हते. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो, आणि सुरुवात आमच्या स्वतःच्या चुकीपासून करतो. ही गोष्ट वार्षिक सभेत अर्धीमुर्धी सांगून झाली आहे, पण पूर्ण सांगितली नव्हती.

बर्फाच्या पेट्या आणि जास्तीची जाळी ठेवायला संस्थेने जेटीच्या मागच्या वाटेवर एक गोदाम भाड्याने घेतले आहे. मालकीण म्हणजे आपल्या सगळ्यांच्या मावशी. वय सत्तरीच्या जवळ, घरात एकट्या. महिना २५,००० रुपये भाडे, म्हणजे वर्षाचे ३,००,०००. २०२३-२४ साली कायदा असा होता की वर्षाचे भाडे २,४०,००० च्या वर गेले की देणाऱ्याने १० टक्के कापून सरकारात भरायचे. म्हणून आम्ही दर महिन्याला २,५०० कापत होतो. वर्षाचे ३०,००० झाले. हे पैसे जात नाहीत, ते मावशींच्या नावे आगाऊ भरलेला कर म्हणून जमा होतात. मावशींचे दुसरे काही उत्पन्न नाही, भाड्यातले ३० टक्के कायद्यानेच वजा होतात, राहिलेल्या २,१०,००० वर काही कर बसत नाही. म्हणजे रिटर्न भरला की ३०,००० च्या ३०,००० परत यायला हवेत. मावशींचा हिशेब साधा होता. चवथीला पैसे हातात येतील, माटोळीचे आणि घराच्या कौलांचे काम होईल.

(जाता जाता : मावशींनी वर्षाच्या सुरुवातीला १५एच हा फॉर्म भरून दिला असता तर आम्हांला काही कापायचेच नव्हते. साठीच्या वरच्या माणसाचा अंदाजे कर शून्य असेल तर तो भाड्यासाठीही चालतो. हे आम्हांला तेव्हा माहीत नव्हते, म्हणून त्यांना सांगितले नाही. ही पहिली चूक. ती कुठल्याही कागदावर दिसत नाही.)

दुसरी चूक कागदावर होती. आपल्या ट्रॉलरांची इंजिने दुरुस्त करणारे मेस्त आहेत, त्यांची वर्षाची बिले ४,१०,००० ची. त्यांच्यावर १ टक्का कापायचा, म्हणजे ४,१००. एप्रिल २०२३ मध्ये आम्ही देणेकऱ्यांची यादी कॉम्प्युटरवर नव्याने लावली, आणि त्या वेळी दोन ओळी खालीवर करताना नावे हलली, पॅन हलले नाहीत. मावशींच्या नावासमोर मेस्तांचा पॅन बसला आणि मेस्तांच्या नावासमोर मावशींचा. मग तीच यादी चारही तिमाह्यांना वापरली. जुलै, ऑक्टोबर, जानेवारी, मे, चार वेळा विवरणपत्र भरले आणि चार वेळा पावती आली. सगळे कसे व्यवस्थित.

आता तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअरने पकडले कसे नाही? आम्हांलाही तेच वाटले होते. पण ते सॉफ्टवेअर फक्त बांधणी बघते. पहिली पाच अक्षरे, मग चार आकडे, मग एक अक्षर, एवढे बरोबर असले की पुढे जाऊ देते. पॅन अस्तित्वात असतो, चालू असतो, फक्त तो दुसऱ्या माणसाचा असतो. ते मशीनला कळणार कसे? एक जुनी युक्ती आहे, माणसाच्या पॅनचे चौथे अक्षर 'पी' असते आणि पाचवे त्याच्या आडनावाचे पहिले इंग्रजी अक्षर. पण मावशी आणि मेस्त दोघांचे आडनाव एकाच अक्षराने सुरू होते. नशीब म्हणायचे ते असे.

खरे तर पकडायची एक जागा होती. विवरणपत्र भरल्यावर प्रत्येकाला १६ए हे प्रमाणपत्र द्यायचे असते, आणि त्यावरचे नाव आम्ही टाकत नाही, ते पॅनवरून आपोआप येते. मावशींसाठी १६ए काढला असता तर त्यावर मेस्तांचे नाव दिसले असते. आम्ही काढलेच नाहीत. कारण? कुणी मागत नाही. कायद्याप्रमाणे तिमाहीचे विवरणपत्र भरायच्या शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांत ते द्यायचे असते, कुणी मागो न मागो.

गोष्ट उघडकीस आली जुलै २०२४ मध्ये. बंदीचे दिवस होते, बोटी वर ओढलेल्या, मेस्तांचा हंगाम म्हणजे त्यांना श्वास घ्यायला वेळ नाही. तरी ते ग्रीसचे हात पुसत कार्यालयात आले आणि फोन आमच्या समोर धरला. "सेक्रेटरीबाब, मी भाड्याला जागा कधी दिली हो? तीन लाख भाडे माझ्या नावावर आणि माझे चार लाख दहा हजार कुठे गेले?" त्यांचा मुलगा शिकलेला, त्याने रिटर्न भरायच्या आधी २६एएस आणि एआयएस उघडून बघितले होते. बरे झाले. न बघता भरला असता तर न मिळालेल्या भाड्याचा हिशेब मागणारी नोटीस मेस्तांच्या दारात आली असती.

आम्ही यादी उघडली. दोन मिनिटांत दिसले. मग पोटात गोळा आला तो मावशींचा.

त्यांच्याकडे गेलो तेव्हा कळले की त्यांनी जूनमध्येच बाजारातल्या एका रिटर्न भरणाऱ्याकडून रिटर्न भरून घेतला होता. त्याने बघितले तर मावशींच्या नावावर इंजिनदुरुस्तीचे पैसे. ते त्याने बाजूला ठेवले, तेवढी अक्कल त्याला होती. भाड्यावर कापलेले मात्र कुठे दिसेना. तो मावशींना म्हणाला, "संस्थेने कापले असतील, पण भरलेले दिसत नाहीत." आणि परतावा शून्य दाखवून रिटर्न पाठवून दिला.

म्हणजे दीड महिना मावशींना वाटत होते की संस्थेने त्यांचे ३०,००० खाल्ले. त्या दीड महिन्यात आम्ही दोनदा भाड्याचा चेक घेऊन गेलो, त्यांनी दोनदा चहा दिला, आणि एक शब्द बोलल्या नाहीत. "विचारू कसे, तुम्ही घरची माणसे," एवढेच नंतर म्हणाल्या. दंडाचे, नोटिशीचे आम्हांला तेवढे वाटले नाही जेवढे त्या वाक्याचे वाटले.

व्यवस्थापक मंडळाची सभा बोलावली. सभेत एकाचे म्हणणे पडले की मावशींनी आयकर खात्याकडे तक्रार करावी, मेस्तांनीही करावी, आपण आपली पावती दाखवू. ऐकायला बरे वाटते. पण या कामात तसे चालत नाही, आणि सभासदांनी हीच एक गोष्ट नीट लक्षात ठेवली तरी खूप झाले. विवरणपत्रातली ओळ ज्याने भरली तोच ती बदलू शकतो. मावशी बदलू शकत नाहीत, मेस्त बदलू शकत नाहीत, त्यांचा सीए बदलू शकत नाही. एआयएसमध्ये 'ही माहिती दुसऱ्या पॅनची किंवा दुसऱ्या वर्षाची आहे' असा अभिप्राय देता येतो, मेस्तांच्या मुलाने तो दिलाही. त्याचा उपयोग आहे, आपण गप्प बसलो नव्हतो याची नोंद राहते, आणि तो माहिती देणाऱ्यापर्यंत पोचतो. पण पोचल्यावर पुढे काय? माहिती देणाऱ्याने चूक मान्य केली तरी दुरुस्तीचे विवरणपत्र त्यानेच भरायचे असते. तोवर २६एएस आहे तसाच राहतो.

म्हणून ते आम्हांलाच करायचे होते, आणि चार तिमाह्यांचे चार वेळा.

यात किती वेळ कुठे गेला ते सांगतो, कारण दुसऱ्या संस्थांचे सेक्रेटरीही हे पान वाचतात. सगळ्यात जास्त वेळ गेला पासवर्डात. दुरुस्ती ट्रेसेस नावाच्या सरकारी साइटवरून सुरू होते, आणि त्या साइटवर संस्थेचे खाते जुन्या ऑडिटरच्या ऑफिसातल्या ईमेलवर उघडलेले होते. ईमेल बंद, फोन नंबर दुसऱ्याचा. ते सोडवायलाच ऑगस्ट गेला. आमची विनंती आहे, आजच जाऊन बघा की तुमच्या संस्थेच्या खात्याला कुणाचा नंबर जोडलेला आहे.

एकदा आत गेलो की काम समजण्यासारखे आहे. ज्या तिमाहीची दुरुस्ती करायची तिची एकत्रित फाइल मागवायची, तिला कन्सो फाइल म्हणतात. ती देण्याआधी साइट ओळख पटवते : मूळ विवरणपत्राचा टोकन नंबर, एका चलनाची तारीख, क्रमांक आणि रक्कम, आणि त्या चलनातल्या काही माणसांचे पॅन व रकमा विचारते. गंमत अशी की इथे चुकीचे असले तरी जे भरले होते तेच सांगावे लागते. फाइल आली की विवरणपत्र भरायच्या त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, चुकीच्या ओळी दुरुस्त करायच्या, पुन्हा तपासणी चालवायची आणि अपलोड करायचे. आम्ही चौथी तिमाही आधी केली, ती लागली. मग घाईने पहिली केली ती नाकारली गेली, कारण पहिली फाइल आम्ही दोन महिन्यांपूर्वी उतरवून ठेवली होती आणि मधल्या काळात त्या तिमाहीत दुसरी एक छोटी दुरुस्ती झाली होती. कन्सो फाइल नेहमी ताजी घ्यावी लागते, ठेवणीतली चालत नाही. मासळीसारखेच.

भीती होती दंडाची. विवरणपत्र उशिरा भरले तर दिवसाला २०० रुपये लागतात, कापलेल्या रकमेपर्यंत. चुकीची माहिती दिली तर १०,००० पासून १,००,००० पर्यंत दंड करायची तरतूदही कायद्यात आहे. पण मूळ विवरणपत्र वेळेत भरलेले असेल तर नंतर दुरुस्ती केल्याबद्दल ते दिवसाचे २०० लागत नाहीत. आम्हांला काही लागले नाही. आपण होऊन दुरुस्त करणाऱ्याला आणि नोटीस आल्यावर करणाऱ्याला खाते एकाच नजरेने बघत नाही, असे आमच्या सीएंचे म्हणणे.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात चारही तिमाह्या लागल्या. पण चवथ ७ सप्टेंबरला होऊन गेली होती. मावशींनी शेजारून २०,००० व्याजाने काढले होते. मंडळाने ठरवले की दोन महिन्यांचे भाडे त्यांना आगाऊ द्यावे. एकाने विचारले, सेक्रेटरीच्या चुकीचा भार संस्थेने का उचलावा? प्रश्न रास्त होता. भाडे देणे लागतच होतो, फक्त आधी दिले, म्हणून ते मंजूर झाले. व्याजाचे पैसे कार्यालयातल्या आम्ही दोघांनी मिळून दिले. ते संस्थेच्या वहीत नाहीत.

२६एएस सुधारला म्हणजे पैसे आपोआप येत नाहीत, हे दुसरे लक्षात ठेवायचे. मावशींच्या रिटर्नमध्ये परतावा मागितलेलाच नव्हता, म्हणून त्यांना सुधारित रिटर्न भरावा लागला. त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती, आम्ही नोव्हेंबरमध्ये भरून घेतला आणि ओटीपी टाकून पडताळणीही तिथेच बसून केली, कारण ३० दिवसांत पडताळणी झाली नाही तर भरलेला रिटर्न न भरल्यासारखा. जानेवारी २०२५ मध्ये ३०,००० त्यांच्या खात्यात आले. मेस्तांचे वेगळे. त्यांनी ३१ जुलैला रिटर्न भरताना आपले खरे ४,१०० मागितले होते, ते तेव्हा २६एएसमध्ये नव्हते, म्हणून सप्टेंबरमध्ये त्यांना तेवढी रक्कम भरा असे पत्र आले. त्यांचा रिटर्न मुळात बरोबर होता, म्हणून त्यांना तो बदलायचा नव्हता. साइटवर दुरुस्तीची विनंती टाकून 'रिटर्न पुन्हा तपासा' एवढेच सांगायचे होते. मागणी शून्य झाली. रिटर्नमध्ये मागायचे राहिले असेल तर सुधारित रिटर्न, मागूनही दिले नसेल तर दुरुस्तीची विनंती. सुधारित रिटर्नची तारीख निघून गेली असेल तर 'अपडेटेड रिटर्न' भरून परतावा मागता येत नाही. बरेच जण त्या भरवशावर राहतात.

मावशींची कौले २०२५ च्या पावसाआधी बदलून झाली. आणि आता त्यांच्या भाड्यावर काही कापावे लागत नाही, कारण १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा महिन्याला ५०,००० झाली आहे.

आता ३१ मार्चचे. पूर्वी टीडीएसचे विवरणपत्र दुरुस्त करायला मुदतच नव्हती, दहा वर्षे मागे जाऊनही करता येत असे. १ एप्रिल २०२५ पासून ती सहा वर्षे केली. आणि येत्या १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होतो, त्यात ती दोन वर्षांवर आणली आहे. याचा अर्थ असा की २०१८-१९ ची चौथी तिमाही, २०१९-२० पासून २०२२-२३ पर्यंतची पूर्ण वर्षे आणि २०२३-२४ च्या पहिल्या तीन तिमाह्या यांची दुरुस्ती फक्त ३१ मार्च २०२६ पर्यंत स्वीकारली जाईल. मावशींची भानगड आज उघडकीस आली असती तर चारपैकी तीन तिमाह्यांसाठी आमच्या हातात एवढेच आठवडे राहिले असते, आणि त्यातले निम्मे पासवर्डात गेले असते.

म्हणून सभासदांनी काय करायचे? संस्थेने तुमचे कापले असेल तर संस्थेचे बघा, पण तेवढेच नाही. ज्यांचे ट्रॉलर आहेत आणि ज्यांची मासळी मोठ्या कंपन्या घेतात, त्यांच्याकडून वर्षाला ५० लाखांच्या वरच्या खरेदीवर ०.१ टक्का कापला जातो. बँकेतल्या ठेवीच्या व्याजावर कापला जातो. जागा भाड्याने दिली असेल तर तो आहे. आयकराच्या साइटवर आपल्या पॅनने आत जा, तिथून २६एएस उघडा, एकेक वर्ष निवडून बघा. ज्यांना फोनच बरा वाटतो त्यांना एआयएसचे सरकारी ॲपही आहे. तुम्हांला मिळालेले पैसे आणि तिथे दिसणारे पैसे एक आहेत का, आणि तुम्हांला कधी न मिळालेले काही तुमच्या नावावर आहे का, दोन्ही बघा. दुसरे लोक बघत नाहीत. जास्त दिसले की बरे वाटते.

वर्ष निवडताना एक घोळ नेहमी होतो. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ मधले पैसे बघायचे तर करनिर्धारण वर्ष २०२४-२५ निवडायचे. स्वतः कर भरतानाही हाच घोळ होतो आणि पैसे भलत्या वर्षात जाऊन बसतात. तसे झाले तर साइटवरच चलन दुरुस्त करता येते, पण वर्ष बदलायला भरल्यापासून ७ दिवस आणि कराचा प्रकार बदलायला ३० दिवस, तेही एकदाच. नंतर मग आयकर अधिकाऱ्याकडे अर्ज घेऊन जावे लागते. नव्या कायद्यात हे दोन-दोन वर्षांचे नाव काढून एकच 'कर वर्ष' ठेवले आहे. ते एक बरे केले.

गोव्यातल्या जोडप्यांसाठी एक वेगळी गोष्ट, कारण दर वर्षी दोन-चार जण 'तुम्ही अर्धेच केले' किंवा 'बायकोचे का दिसत नाही' म्हणून आमच्याकडे येतात. पोर्तुगीज काळापासूनच्या इथल्या नागरी कायद्याने ज्यांची मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक आहे, त्यांचे पगार सोडून बाकी उत्पन्न आयकर कायद्याच्या कलम ५ए प्रमाणे दोघांत निम्मे निम्मे धरतात. बोटीचे उत्पन्न, भाडे, व्याज, सगळे. कापणारा मात्र ज्याच्या नावाने बिल आहे त्याच्याच पॅनवर पूर्ण रक्कम दाखवतो, आणि ते बरोबर आहे. दोघांनी आपापल्या रिटर्नमध्ये त्यासाठीचे वेगळे परिशिष्ट भरून उत्पन्नही निम्मे दाखवायचे आणि कापलेला करही निम्मा घ्यायचा. ही विवरणपत्रातली चूक नव्हे, तिथे आम्ही काही दुरुस्त करायचे नसते. गोव्याबाहेरच्या रिटर्न भरणाऱ्यांना पुष्कळदा हे कलमच ठाऊक नसते, तेव्हा तुम्हीच त्यांना सांगा.

आणखी एक. ज्यांनी पॅन आधारला जोडला नव्हता त्यांचा पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाला, आणि अशा माणसाचे १ टक्क्याऐवजी २० टक्के कापायला हवे होते असे म्हणत खात्याने कापणाऱ्यांना फरकाची मागणी पाठवली. नंतर एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने सूट दिली की ३१ मार्च २०२४ पर्यंतच्या व्यवहारांसाठी ३१ मे २०२४ पर्यंत पॅन जोडला असेल तर फरक मागणार नाही. आपल्यातल्या दोघांचे त्यात सुटले. एकाचे सुटले नाही, त्याने जून उजाडू दिला. मासेमारी म्हणजे शेतीसारखीच, तिला कर नाही आणि म्हणून पॅनही नको, असे अजून काही जण मानतात. समुद्रातली मासेमारी आयकरात शेती धरली जात नाही. उत्पन्न कमी असेल तर कर नाही, पण पॅन लागतोच.

मावशींच्या प्रकरणानंतर आम्ही दोन नियम केले. एक, प्रत्येक तिमाहीला १६ए काढून ज्याचा त्याला द्यायचा, सही घ्यायची. बर्फाच्या गाडीवाल्यांचे कापत नाही, दहापर्यंत गाड्या असलेल्याने तसे लिहून पॅन दिला की कापायचे नसते, तरी त्यांची ओळ विवरणपत्रात जातेच, म्हणून त्यांचेही पॅन पुन्हा मागवले. दुसरा नियम, पॅन तोंडी किंवा चिठ्ठीवर घ्यायचा नाही, कार्डाची झेरॉक्सच घ्यायची. आणि गेल्या महिन्यात बसून २०१८-१९ पासूनची सगळी विवरणपत्रे काढली.

त्यात एक ओळ सापडली. २०१९-२० ची तिसरी तिमाही, जाळी विणायची शेड उभी करणारे सुतार. बिल १,८६,००० चे, कापले १,८६०. पॅनमधले एक अक्षर चुकलेले, आणि या वेळी तो पॅन कुणाचाच नव्हता. पॅन चुकीचा म्हणजे दर २० टक्के, ३७,२०० कापायला हवे होते, म्हणून ३५,३४० ची मागणी संस्थेच्या नावावर सहा वर्षे पडून आहे, वर व्याज. त्याची नोटीस गेली होती त्या बंद पडलेल्या ईमेलवर. सुतारांचा खरा पॅन मिळाला तर ३१ मार्चच्या आत ती ओळ दुरुस्त होईल आणि मागणीही जाईल. नाही मिळाला तर ते पैसे संस्थेला, म्हणजे तुम्हां-आम्हांला भरावे लागतील. सुतारांचाही फायदा आहे. त्यांचे १,८६० त्यांच्या नावे दिसू लागतील. त्या वर्षाचा परतावा उशीर माफ करून मागायचा अर्ज करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत घेतात, तीही मुदत नेमकी ३१ मार्च २०२६ लाच संपते.

पंचाईत ही की त्यांचा फोन लागत नाही. शेडचे काम झाल्यावर ते मालवणच्या बाजूला बोटी बांधायच्या कामाला गेले असे एका टांडेलांनी सांगितले, दुसऱ्यांचे म्हणणे कारवारला. २०१९ च्या नारळी पुनवेनंतर शेडचे काम ज्यांनी बघितले असेल, त्यांच्याबरोबर चहा घेतला असेल, त्यांच्या गावचे कुणी ठाऊक असेल, त्यांनी कृपया कार्यालयात येऊन सांगावे. इथे खाली नाव-नंबर लिहू नये, कुणाचा पॅन तर मुळीच लिहू नये. आणि ज्यांना स्वतःचा २६एएस बघून घ्यायचा आहे त्यांनी पॅन, आधार आणि आधारला जोडलेला फोन घेऊन यावे. फोन मुलाकडे मुंबईला असेल तर ओटीपी येणार नाही, तेव्हा मुलाला आधी सांगून ठेवावे. रविवार सोडून रोज, लिलाव आटोपल्यावर, दुपारी एकपर्यंत आम्ही असतो.